बायकांच्या बाजूचं दार

मिरज
१४ जून २०२३

ती. लालाकाका यांस,
राजेश्वरीचा सा. नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून पत्र लिहिते. तुम्हीही पत्रानंच कळवा.

वाटणीचं एकदाचं मिटलं. उसाची जमीन आणि घर उदयदादाकडे गेलं, इंदुमती टॉकीज माझ्या वाट्याला आलं. दादाला वाटलं होतं मी ते विकायला काढीन. किन्हवड्यात बाजारपेठेला लागून एवढी जागा, तिथं दुकानांचे गाळे काढायला माणसं टपलेलीच आहेत. मी नाही म्हटलं. दादा म्हणाला, "सिनेमा बंद पडून चौदा वर्षं झाली. वटवाघळांना दाखवणार आहेस का?"

मला तिथं गाण्याचं सभागृह करायचं आहे, काका. मी पंधरा वर्षं मिरजेच्या कॉलेजात मुलींना गाणं शिकवते. त्यांना चार लोकांसमोर बसवायचं तर मंगल कार्यालय मिळतं, आणि ख्याल सुरू झाला की मागं पातेली आपटायला लागतात. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत नुसतं गाणं ऐकावं म्हणून बांधलेली जागा मला तरी सापडली नाही. आणि आपल्या टॉकीजमध्ये आवाज कसा लागायचा ते मी लहानपणी बाल्कनीत झोपून ऐकलंय.

तुम्ही नसता तर ती इमारत केव्हाच पडली असती. पगार नसताना इतकी वर्षं रोज खिडक्या उघडणारा माणूस दुसरा कोण असेल? म्हणून तुम्हालाच विचारते. छपराचे पत्रे कितपत बरे आहेत? खालच्या खुर्च्यांतल्या किती राहिल्या? पूर्वेच्या भिंतीत, पूर्वी बायका बसायच्या त्या बाजूला, दाराएवढी जागा वेगळ्या विटांनी बुजवलेली फोटोत दिसते. तिथं काय होतं?

आणखी एक. मागची खोली कलाकारांना बसायला लागेल. झाडलोटीची बनुबाई तिथं राहते, तिला तुम्ही समजावून सांगा. तिची दुसरीकडे सोय मी करीन. तुमचं ती ऐकेल.

तुमची,
राजेश्वरी


किन्हवडे, जि. सातारा
२७ जून २०२३

चि. राजेश्वरीताईस,
लालासाहेबाचा नमस्कार.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. तुमच्या वडलांच्या, आबासाहेबांच्या माघारी त्या इमारतीला कुनी नावानं विचारलं न्हाई, ते तुमी विचारलंत, बरं वाटलं.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं लिवतो. पत्रे पडद्याच्या बाजूचे गेलेत, पावसात तिथं घमेली ठिवतो. बाल्कनीवरचे अजून दहा वर्सं काढतील. खुर्च्या खालच्या एकशे चाळीस धडक्या हायत, बाकीच्यांचं लाकूड वाळवीनं खाल्लं. भिंतीचं काथ्याचं अस्तर उंदरांनी फाडलंय पन त्याच्या मागची भिंत दगडी हाय, तिला काय झालं न्हाई. केबिनमधली सिनेमाची दोन्ही मशिनं मी दर महिन्याला पुसतो. तेल बी घालतो. कुनाला नगं असली तरी मशीन गंजलेलं मला बघवत न्हाई. एकोनीसशे पंच्याहत्तर सालापास्नं मी त्यास्नी चालवलंय.

तुमी जे दार म्हनता ते बायकांच्या बाजूचं. तिथं गल्लीतलं पानी आत यायचं, वल धरायची, म्हनून आबांनी बुजवून घेतलं. त्यात दुसरं काय न्हाई. ते तसंच ऱ्हाऊ द्यावं, गान्याला चांगलंच हाय, गल्लीतला आवाज आत येनार न्हाई.

बनुबाईस्नी सांगतो. जरा दम धरा. म्हाताऱ्या मानसाला एकदम सांगून चालत न्हाई.

आमच्याकडं अजून पाऊस न्हाई.

आपला,
लालासाहेब


मिरज
१३ ऑगस्ट २०२३

ती. लालाकाका यांस,
सा. न.

गुरुवारी आम्ही आलो तेव्हा तुम्ही मध्येच कुठं गेलात? तुमच्यासाठी चहा सांगितला होता, तो गार झाला. मला वाटलं तुम्हाला बरं नव्हतं. तब्येतीचं कळवा.

तुम्ही गेल्यावर काय झालं ते लिहिते. आवाजाचं काम बघणारे विश्वजीत पुण्याहून आले होते. त्यांनी पडद्यापुढच्या चौथऱ्यावर उभं राहून एकदाच टाळी वाजवली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मग माझ्या सोनमला बसवलं. तिनं माइकशिवाय नुसता षड्ज लावला. मी बाल्कनीत शेवटच्या रांगेत होते. काका, ती माझ्या शेजारी बसून गाते आहे असं वाटलं. विश्वजीत म्हणाले, अशी भिंत आता पैसे ओतूनही कुणी बांधून देणार नाही. मी तिथंच रडले. कुणी पाहिलं नाही असं वाटलं होतं, पण खाली बनुबाई झाडू घेऊन उभी होती.

एक अडचण निघाली. तीनशे माणसं बसवायची तर आगीच्या परवान्यासाठी दोन्ही बाजूंना दार लागतं. म्हणजे ते बुजवलेलं दार काढावं लागणार. गवंड्यानं वरचा गिलावा खरवडून बघितला. चौकटीच्या बाहेरच्या अंगाला कुलपाची कडी अजून तशीच आहे. थिएटरच्या दाराला बाहेरून कुलूप कशाला? आणि ओल म्हणाल तर त्या भिंतीला ओलीचा डागही नाही.

बनुबाईनं विचारलं, "दार काढनार व्हय?" मी हो म्हटलं. ती खाली फरशीवर बसली. पाणी देऊ का विचारलं तर नको म्हणाली. खोलीबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं, म्हणजे तुम्ही अजून तिला सांगितलेलं नाही.

काल दादाशी बोलले. तो एकदम आवाज चढवून म्हणाला, "ते दार आबांनी बुजवलंय, त्याला हात लावू नकोस." का, तर सांगेना. मी नऊ वर्षांची होते तेव्हा पाचगणीला बोर्डिंगात गेले, त्यानंतर घरातलं मला कुणी काही सांगितलंच नाही. निदान तुम्ही तरी सांगा.

राजेश्वरी


किन्हवडे
३ सप्टेंबर २०२३

चि. राजेश्वरीताईस,
नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तब्येतीला काय झालं न्हाई.

ताई, वलीचं मी खोटं लिवलं. त्या दारात एक पोरगी मेली. तुमी लहान होता म्हनून आबांनी तुमच्या कानावर जाऊ दिलं न्हाई, आनि मग सांगायची येळच गेली.

चौऱ्याण्णव सालची दिवाळी. सोमवार, बाजारचा दिवस. दुपारी तीनचा खेळ. बायका-पोरांनी बाकडी भरली हुती. मध्यंतर व्हायच्या आत हवेच्या पंख्याची वायर जळाली आनि धूर सुटला. आग अशी काय लागली न्हाई, बादलीभर पान्यानं इझली. पन अंधारात धूर बघून लोक उठले. बाप्यांच्या बाजूचं दार उघडं हुतं, ते निघाले. बायका आपल्या दाराकडं पळाल्या. त्या दाराला बाहेरनं कुलूप हुतं. फुकटे लोक तिथनं घुसायचे म्हनून आबांनी कुलूप घालायला लावलं हुतं. चावी डोअरकीपर नाथाजीकडं असायची आनि तो चहाला गेलेला. तो यायला आनि दार उघडायला जेवढा येळ लागला, तेवढ्यात पुढं असलेली पोरगी मागच्यांच्या रेट्यानं दारावर दाबली गेली. अकरा वर्सांची. बाकीच्या वाचल्या.

पोरगी बनुबाईची. राणी नाव.

बनुबाय तवा टॉकीजच्या फाटकाजवळ शेंगा-फुटाने विकायची. आटपाडीकडची, धनगराची. मेंढरं घिऊन आलेला नवरा पुढं निघून गेला, ही पोरीला घिऊन हितंच ऱ्हायली. पोरीला आत फुकट सोडायचे आबा. त्यानंतर आबांनी तिला झाडलोटीचं काम दिलं, मागची खोली दिली आनि दार बुजवलं.

नाथाजी जाऊन बारा वर्सं झाली. आबा बी गेले. आता कुनाला विचारायचं आनि कुनी सांगायचं. म्हनून म्हनतो दार तसंच ऱ्हाऊ द्या.

बनुबाईला खोलीचं सांगायला माझी जीभ रेटत न्हाई. मला ते काम सांगू नका.

लालासाहेब


मिरज
१२ सप्टेंबर २०२३

लालाकाका,

तुमचं पत्र कॉलेजच्या पत्त्यावर आलं. तासाच्या आधी फोडलं आणि तास घेता आला नाही.

राणी मला आठवते. तिनंच मला एका पायावर अंगणभर लंगडी घालायला शिकवली. दिवाळीला आजोळी जाऊन आले तर ती दिसेना, तेव्हा मी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, मामाच्या गावाला गेली, आता तिथंच शाळेत जाणार. मी रुसले होते, न सांगता गेली म्हणून. पुढच्याच जूनमध्ये मला पाचगणीला टाकलं. मी इतकी वर्षं समजत होते, माझ्या शिक्षणासाठी.

सुट्टीत घरी आले की बनुबाई मला फाटकात भेटायची. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, "केवढी झालीस गं." दर वर्षी. ती काय मोजत होती ते मला आता कळतंय.

आबांबद्दल काय लिहू? आपल्या तिकिटांसाठी बायका-पोरांच्या दाराला बाहेरून कुलूप लावायचं. आणि पोर गेल्यावर तिच्या आईच्या हातात झाडू द्यायचा, जिथं पोर गेली तीच फरशी रोज झाडायला. हे त्यांनी उपकार म्हणून केलं असेल. मला तर वाचवत नाही. माझ्या गाण्याच्या खोलीत आबांचा हार घातलेला फोटो होता. तो काल उतरवला आणि कपाटात पालथा ठेवला. मुलींनी विचारलं तर सांगितलं, काच बदलायची आहे.

सभागृह करायचं की नाही तेच आता समजत नाही. पण केलं तर ते दार उघडल्याशिवाय करणार नाही. आणि बनुबाईला त्या खोलीतून मी हलवणार नाही. कलाकार बसतील कुठंही.

तुम्ही सगळं पाहिलंत आणि तीस वर्षं तिथं राहिलात. तुमच्यावर काय गुदरलं असेल याचा मी कधी विचारच केला नव्हता.

राजेश्वरी


किन्हवडे
२९ ऑक्टोबर २०२३

चि. राजेश्वरीताईस,

दीड महिना झाला. कागद घेतला की ठिवत हुतो. आज लिवून टाकतो.

आबांचा फोटू परत लावा.

तुमी त्यांचा फोटू उतरवला ते वाचल्यापास्नं मला अन्न ग्वाड लागंना. मागल्या पत्रात मी मेलेल्या मानसांवर ढकललं. नाथाजीवर ढकललं आनि तुमच्या बापावर ढकललं. खरं असं हाय की, त्या दाराची चावी नाथाजीकडं नव्हती. नाथाजी वळखीच्या लोकांस्नी त्या दारानं आत घ्यायचा म्हनून आबांनी चावी माझ्याकडं दिली हुती. आबांनी मला सांगितलं हुतं, खेळ चालू झाला की खाली यायचं आनि कुलूप काढून घ्यायचं. रोज काढायचो. त्या दिवशी पहिल्या रिळाला दिव्यातली कार्बनची कांडी नीट जळंना, मी मशिनीला चिकटलो आनि कुलूप काढायचं ऱ्हायलं.

धूर मी केबिनच्या झरोक्यातनं बघितला. बायकांचा कालवा बी ऐकला. चावी माझ्या कंबरंला. पन नवीन सिनेमाची पेटी हुती ताई, सकाळी कराडला जायची हुती. मला वाटलं आग केबिनला आली तर रीळ जाईल. मी मशीन बंद केलं, रीळ काढलं, डब्यात घातलं, झाकन लावलं आनि मग डबा घिऊन जिना उतरलो. किती येळ गेला असंल? दोन मिन्टं असतील. पाच न्हाईत. मी तीस वर्सं तो हिशेब करतोय.

पोलिसांनी विचारलं तवा मी गप ऱ्हायलो. आबा म्हनाले, "मालक मी हाय, दार माझं हाय, जे विचारायचं ते मला विचारा." मला कधी एका शब्दानं बोलले न्हाईत. ते दारू प्यायला लागले ते त्या सालापास्नं. चावीचं उदयसिंहांस्नी म्हाईत न्हाई. त्यांना बी वाटतं बापाचीच चूक.

तुमाला लिवायच्या आधी बनुबाईला सांगायला पायजे असं वाटलं. परवा सकाळी गेलो. ती खोलीपुढं बसून तांदूळ निवडत हुती, बोलनं कानावर यावं म्हनून मी अगदी शेजारी बसलो. मी म्हनलं, "बनुबाय, त्या दाराची चावी माझ्याकडं हुती."

तिनं मान वर केली न्हाई. म्हनाली, "ठावं हाय."

"कवापास्नं?"

"त्याच दिवशी. मी बाहेरनं दार वडत हुते. आतनं राणी हाका मारत हुती, मी बाहेरनं वडत हुते. तू पळत आलास. तुझ्या हातात डबा हुता. तू तो डबा खाली नीट ठिवलास, पालथा व्हनार न्हाई असा. मग चावी काढलीस."

ताई, मी डबा नीट ठिवलेला मला आठवत न्हाई. तिला आठवतो.

मी म्हनलं, "मग कुनाला सांगितलं का न्हाईस?"

"सांगून पोरगी येनार हुती व्हय?"

"मग हितं का ऱ्हायलीस? ह्याच जागी?"

तिनं सूप खाली ठिवलं. म्हनाली, "तू रोज सकाळी खिडक्या उघडाया यायचास. माझ्याम्होरनं मान खाली घालून जायचास. तेवढं बघाया ऱ्हायले. एक दिवस तरी तू थांबशील आनि सांगशील, असं वाटायचं. आज थांबलास."

मी हात जोडले. ती म्हनाली, "नगं, ते नगं," आनि सूप घिऊन आत गेली.

एवढंच हाय. आता तुमी ठरवा माझं काय करायचं ते. चाव्या कुनाकडं द्यायच्या ते कळवा.

लालासाहेब


मिरज
८ नोव्हेंबर २०२३

लालाकाका,

काका हाच शब्द पुन्हा लिहिला गेला. खोडावा का, असा विचार करत बराच वेळ बसले. खोडला नाही.

तुम्ही घाबरलात, चुकलात, असं एखाद्या परक्या माणसाबद्दल मी सहज म्हटलं असतं. तो डबा वाचवताना तुम्ही चोरी केली नव्हती, तुमचं कामच करत होता. पण बायकांचा आरडाओरडा तुम्हाला ऐकू येत होता. या दोन गोष्टी मला एकत्र ठेवता येत नाहीत. तुम्हाला माफ करणारी मी कोण, आणि शिक्षा देणारी तरी कोण?

आबांचा फोटो परत लावला. वरून हार घातला. त्यांच्यावर मी दीड महिना नुसती धुमसत होते, वर्गात एक शब्द चुकला तरी मुलींवर ओरडत होते, आणि ते माझ्या कपाटात पालथे पडले होते. त्यांनी तुमचं नाव का सांगितलं नाही ते मला नाही कळलं. त्यांना विचारता आलं असतं तर बरं झालं असतं. दादाला मी सगळं सांगितलं. त्यानं फोन ठेवून दिला आणि तासाभरानं परत केला. म्हणाला, "मी आबांशी शेवटची दोन वर्षं बोलत नव्हतो."

पाच तारखेला गवंडी लावून दार फोडलं. तुम्ही आला नाहीत, ते बरं केलंत. बनुबाई गल्लीत खुर्ची टाकून बसली होती. सकाळपासून विटा निघत होत्या, ती हलली नाही. दुपारी सगळी चौकट मोकळी झाली, गल्लीतलं ऊन हॉलमध्ये पार खुर्च्यांपर्यंत आलं. तेव्हा ती उठली, उंबऱ्याशी आली आणि पाय आत टाकून पुन्हा बाहेर घेतला. असं दोनदा केलं. मग खोलीत गेली.

काल गवंड्याचा फोन आला की बनुबाई खोली रिकामी करून गेली. एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन सकाळच्या एसटीत बसली म्हणे. मी तिला हलवणार नाही म्हटलं होतं, तरी ती गेली. कुठं गेली असेल? तुम्हाला गाव माहीत असेल तर लिहा.

चाव्यांचं मी ठरवलेलं नाही. तोवर तुम्हीच ठेवा. खिडक्या उघडायला दुसरं कोण आहे?

राजेश्वरी


किन्हवडे
१९ नोव्हेंबर २०२३

चि. राजेश्वरीताईस,

आटपाडीच्या पुढं झरेवस्ती म्हनून हाय. तिथं तिचा भाऊ तात्याबा असतो. डाळिंबं लावलीत त्यानं. तिथंच गेली असंल.

जाताना माझ्याशी बोलली न्हाई. मी स्टँडवर गेलो हुतो, लांब उभा ऱ्हायलो. गाडी सुटली तवा तिनं खिडकीतनं बघितलं, पन माझ्याकडं का दुसरीकडं, कळलं न्हाई. माझी नजर बी आता अधू झालीया.

सांगून टाकलं की हलकं वाटतं म्हनतात. मला तसं काय वाटलं न्हाई. सकाळी खिडक्या उघडाया जातो, मागल्या खोलीला कुलूप असतंय. आता मान खाली घालायचं कारन न्हाई, तरी खालीच जाते.

पत्र्याचं काम सुरू झालं. काम चांगलं चाललंय.

लालासाहेब


मिरज
२१ जानेवारी २०२४

लालाकाका,

गेल्या रविवारी झरेवस्तीला जाऊन आले. तात्याबांच्या घरामागं बाभळीखाली बनुबाई शेळ्यांना पाला घालत होती. मला बघून म्हणाली, "केवढी झालीस गं." मीही खाली बसून शेळ्यांना पाला घातला.

मी तिला दोन गोष्टी विचारायला गेले होते. पहिली, सभागृहाला राणीचं नाव द्यायचं. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती म्हणाली, "तिचं नाव भिंतीवर नगं. गानं संपल्यावर लोकं टाळ्या वाजिवनार. तिच्या नावाम्होरं टाळ्या नगं." मी माफी मागितली. असं काही आपल्या मनातसुद्धा येऊ नये, याची लाज वाटली. नाव आजीचंच, इंदुमतीच राहील.

दुसरी, उद्घाटनाला तिनं यावं. गाडी पाठवते म्हटलं. ती म्हणाली, "मी त्या गावात परत न्हाई यायची. झालं माझं तिथलं." मी तुमचं नाव काढलं नाही. तिनंही काढलं नाही.

निघताना तिनं मला थांबवलं. विचारलं, "गानं चालू असलं की आत अंधार करत्यात का गं, सिनेमासारखा?" मी म्हटलं, करतात थोडा, लोकांचं लक्ष गाण्याकडे राहावं म्हणून. तिनं विचारलं, "उजेडात ऐकू येत न्हाई?" मी म्हटलं, येतं. आपण दिवे चालू ठेवू. ती "बरं" म्हणाली आणि शेळ्यांकडे वळली.

काका, कार्यक्रम अठरा फेब्रुवारीला, संध्याकाळी सहाला. दिव्यांचा बोर्ड तुम्ही सांभाळायचा. विश्वजीतनी मंद-प्रखर करणारी नवी बटणं बसवली आहेत, पुण्याहून त्यांचा माणूस येणार होता. त्याला येऊ नको म्हणून सांगितलं. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही. हे मी तुम्हाला क्षमा म्हणून सांगत नाही, हे तुम्हाला समजेल.

राजेश्वरी


किन्हवडे
२६ फेब्रुवारी २०२४

चि. राजेश्वरीताईस,

तुमी कार्यक्रमानंतर पाव्हन्यांच्या गडबडीत होता, म्हनून बोललो न्हाई. ऐकू बी आलं नसतं.

मानसं साडेतीनशेच्या वर आली. कराड, सातारा, सांगली, कुठनं कुठनं. मागं उभी हुती. दोन्ही दारं सताड उघडी हुती, मी आधी दोन्हीकडं जाऊन बघून आलो. गल्लीतनं फटफट्या जायच्या तवा तुमच्या त्या पंडितजींच्या कपाळाला आठी पडायची. पहिलं गानं झाल्यावर त्यांचा तबल्याचा मानूस माझ्याकडं आला आनि कानाशी तोंड लावून म्हनाला, दार लावा आनि लाइट कमी करा, बुवांच्या डोळ्यांवर येतंय. मी न्हाई म्हनलं. त्यानं बोर्डाला हात घातला, तर मी त्याचा हात धरला. जोरात धरला असंल. त्याला राग आला. बुवांनी तुमच्याकडं तक्रार केली असंल तर ती खरी हाय, माझ्यामुळंच झालं. ते पुन्यांदा आपल्याकडं येनार न्हाईत असं विश्वजीत म्हनत हुते.

गानं मला न्हाई कळलं. कानावर नुसतं घूं घूं येत हुतं. पन बोर्डापशी उभा ऱ्हाऊन मी लोकांची तोंडं बघितली. चौतीस वर्सं मी झरोक्यातनं अंधारातली टाळकीच बघितली, तोंडं कवा बघितली न्हाईत. बायका बायकांच्या बाजूला बसल्या हुत्या. आता तसा नेम न्हाई, तरी गावातल्या म्हाताऱ्या सवयीनं तिथंच गेल्या. त्यातल्या दोघी-तिघी त्या दिवशी बी आत हुत्या. मी वळखलं त्यास्नी. त्यांनी मला वळखलं का न्हाई, कुनास ठावं. त्यातली एक सारखी दाराकडं बघत हुती. मग बघायची थांबली आनि ऐकाया लागली.

चाव्या उदयसिंहांकडं दिल्यात. ते त्या दिवशी आले हुते, शेवटच्या रांगेत बसले हुते, तुमाला दिसले नसतील. म्हनाले, खिडक्या उघडायचं मी बघतो. माझा ल्योक कराडला बोलावतोय, मी जानार. आता जिना चढवत न्हाई.

एक काम हाय. बनुबाईला लिवता-वाचता येत न्हाई, आनि मी तिला काय लिवनार. तुमी कवा त्या बाजूला गेलात तर तिला सांगा. माझं नाव घिऊ नका. नुसतं सांगा, शेवटपातूर दिवे चालू हुते.

लालासाहेब